घरबसल्या कामाचा एक दिवस

"घरीच असता ना?" हा प्रश्न अलीकडे आम्हांस वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. सुरतेच्या अडाजण भागात आमचे बिऱ्हाड. शेजार गुजराती, मारवाडी, खानदेशी असा नाना परींचा. कुणाचे पार्सल उतरवून घ्यायचे असते, कुणाच्या नळवाल्याला किल्ली द्यायची असते. आणि आम्ही तर घरीच असतो! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा कचेरीने संगणक घरी नेण्यास सांगितले. टाळेबंदी उठली, परंतु आमचे मेज काही परत गेले नाही. कापडाच्या एका व्यापारी पेढीच्या ग्राहकांच्या, मालाच्या आणि येण्यादेण्याच्या नोंदी तपासणे हा आमचा व्यवसाय. ज्यास आजकाल लहानथोर सगळेच डेटा म्हणतात, तो आम्ही दिवसभर चाळतो, पाखडतो, निवडतो. आमच्या मातोश्री याला 'तांदूळ निवडप' म्हणतात. या कामाचे याहून चांगले वर्णन आमच्या वरिष्ठांनाही अद्याप साधलेले नाही.

घरी बसून केलेले काम म्हणजे काम नव्हे, ही समजूत सुरतेत तरी टिकू नये. या शहराची निम्मी कारागिरी घराच्या उंबऱ्याआड वाढली आहे. लिंबायत-उधन्याकडे गेले, म्हणजे दारोदारी आमच्या खानदेशी भगिनी साड्यांवर टिकल्या व खडे चिकटवताना, लोंबते धागे कापताना दिसतात. स्वयंपाक, मुलांची शाळा आणि पाण्याची वेळ सांभाळून त्या हे करतात, आणि मोबदला साडीमागे मिळतो. "घरीच असता ना?" असे त्यांना विचारण्याची कुणाला गरजच वाटत नाही, त्यांचे घरी असणे जगाने गृहीतच धरलेले आहे.

आणि याच शहराने घरबसल्या कामाचा एक थोर आदर्शही पाहिला आहे. कवी नर्मद, म्हणजे नर्मदाशंकर लालशंकर दवे, १८३३ मध्ये येथेच जन्मले. त्यांचे वडील लहिये होते. पोथ्यांच्या व दस्तांच्या नकला करणे हा त्यांचा चरितार्थ. नर्मदांनी नोव्हेंबर १८५८ मध्ये मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली, घरी आले, आणि लेखणीपुढे डोळ्यांत पाणी आणून यापुढे तिच्याच आसऱ्याने राहण्याचा संकल्प केला. त्या संकल्पाच्या काळात त्यांनी जे अनेक उद्योग आरंभिले, त्यांत गुजराती भाषेचा शब्दकोश हा सर्वांत चिवट. एकेक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ ठरवायचा, दोन शब्द एकच आहेत की निराळे हे पाहायचे, आणि मग पुढचा शब्द. 'नर्मकोश' पूर्ण होऊन बाहेर पडला तो १८७३ मध्ये. मध्ये कर्ज झाले, छपाईची ओढाताण झाली, आणि शेवटी १८८२ मध्ये तो संकल्प मोडून पुन्हा नोकरी पत्करावी लागली. आमलीरानातील त्यांचे घर आज जतन करून ठेवलेले आहे. त्या बाजूने जाताना आमच्या मनात नेहमी येते की, येथला माणूस एखाद्या संध्याकाळी दिवसाचा हिशेब कसा करीत असेल? आज सात शब्द झाले, असे म्हणत असेल, की आज एक शब्द बरोबर झाला, असे?

हा विचार आम्हांस सुचावा असा एक दिवस गेल्या श्रावणात आला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखप्रपंच.

श्रावणातला शुक्रवार होता. पहाटेपासून पाऊस. घरात चुडीची गडबड चालू होती. आपल्या वाचकांस चुडी म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु सुरतेसारख्या ठिकाणी ती जमवायची म्हणजे केवढा खटाटोप, हे परगावी राहणाऱ्यांनाच ठाऊक. दूर्वा सोसायटीच्या कुंपणाकडून, आघाडा पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमधून, फुले बाजारातून, आणि बांधायला केळीच्या सोपाचा दोरा भाजीवाल्याच्या कृपेने. आमची सौभाग्यवती खाली बसून चुड्या बांधीत होती, आणि मातोश्री खुर्चीवर बसून कुणाकुणाला पाठवायच्या हे सांगत होत्या. तीर्थरूप गेल्यापासून त्या स्वतः पूजेला बसत नाहीत. परंतु यादी मात्र त्यांचीच. वय वर्षे ब्याऐंशी.

आम्ही सकाळी नऊला मेजाशी बसलो. त्या दिवशी पेढीचे काम निकडीचे होते. देशभरातील गिऱ्हाइकांची चार हजारांवर नावांची यादी. ती वर्षानुवर्षे निरनिराळ्या हातांनी भरलेली. एकच दुकान कुठे 'श्री' लावून, कुठे न लावता. गावाचे नाव कधी इंग्रजी वळणाने, कधी गुजराती. अशी दुहेरी-तिहेरी नोंद झाली, म्हणजे परत आलेल्या मालाचा जमाखर्च चुकतो आणि येणे एकाच्या नावे, देणे दुसऱ्याच्या नावे पडते. आम्ही नियम बसविला: नाव, गाव आणि आडत्या ही तिन्ही सारखी असतील, तर एकच ओळ राखावी. संगणकाने क्षणार्धात ३१२ ओळी उडविल्या. दुपारी एकच्या सुमारास काम आटोपले. यादी सायंकाळी पाठवायची होती, ती आज पाचऐवजी दोनलाच पाठवू, असे मनाशी म्हणत आम्ही जेवायला उठलो. अशा वेळी माणसाला स्वतःविषयी जे समाधान वाटते, ते फारसे विश्वासार्ह नसते. परंतु ते गोड असते खरे.

जेवण झाले. पेढीची यादी पाठविण्यापूर्वी, हात गरम आहे तोवर आपले घरचे कामही उरकून घ्यावे, अशी बुद्धी झाली. हे घरचे काम म्हणजे आमच्या आजोबांची वही.

आमचे मूळ गोव्याचे. सोळाव्या शतकात मंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून खाडीपलीकडे प्रियोळास नेली गेली (ते साल १५६०), त्या काळच्या धामधुमीत जी कुटुंबे पांगली, त्यांपैकी आमचे एक, असे घरात सांगतात. पुढे कारवार, मग मुंबई, आणि आजोबांच्या वेळी नोकरीच्या निमित्ताने सुरत. घरात कोंकणी, लिहिण्यात मराठी, रस्त्यावर गुजराती, अशी आमची त्रिस्थळी यात्रा तेव्हापासूनची. आजोबांनी कुळावळीची एक जाड वही राखली होती. त्यासाठी ते नाशिकास जाऊन तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही पाहून आले होते. आडनाव आणि मूळ गाव सांगताच पणजोबांच्या हातची सही काढून दाखविणाऱ्या त्या वह्या पाहिल्या, म्हणजे वाटते की घरी बसून डेटा सांभाळण्याची विद्या आपल्याकडे काही काल उपजलेली नाही.

ती वही ऑगस्ट २००६ च्या पुरात सापडली. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी तापीत सुटले आणि सुरतेचा बहुतेक भाग त्याखाली गेला. आम्ही तेव्हा तळमजल्यावर होतो. माणसे गच्चीवर गेली, पेटी खाटेखाली राहिली. चार दिवसांनी खाली आलो, तर भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ आणि पेटीत वहीचा लगदा. शाईने लिहिलेले, पानांच्या बाहेरच्या कडा धुऊन गेल्या, शिवणीकडची बाजू तेवढी तगली. आजोबांनी नावे शिवणीकडे लिहिली होती आणि जन्माची साले कडेला. म्हणून नावे उरली, साले गेली. ती पाने सौभाग्यवतीने तेव्हा एकेक सोडवून दोरीवर वाळत घातली. गेली दोन वर्षे रिकाम्या वेळी आम्ही ती वाचून संगणकावर उतरवीत आहोत. काही पाने आजोबांची, काही चुलत घराण्याकडून आलेली. त्यामुळे नावांची पुनरुक्ती पुष्कळ. एकंदर सहाशेच्या घरात ओळी.

सकाळचाच नियम आम्ही येथे लावला. नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही जुळली, तर एकच ओळ. संगणकाने ४१ ओळी उडविल्या. यादी सुटसुटीत झाली. दोन वर्षांचे काम दुपारी अडीचच्या आत हातावेगळे!

इतक्यात मातोश्री काठी टेकीत आत आल्या. चुडीची पाकिटे तयार झाली होती. पत्ते लिहून हवे होते. पडद्यावर कुळावळ आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दाखय पळोवया. हातूंत हांव खंय आसां?"

आम्ही नाव शोधले. नाव होते, परंतु ओळ त्यांची नव्हती. ती आमच्या पणजीबाईंची होती.

वाचकांच्या ध्यानात आले असेलच. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत. मंगेशाचा रामनाथ, रामनाथाचा पुन्हा मंगेश. देवळातल्या घंटेसारखी तीच नावे एकाआड एक वाजत राहतात. आमच्या वडिलांना त्यांच्या आजोबांचे नाव होते. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिताना वडीलधाऱ्यांनी घरात पूर्वी नांदलेल्या जोडीचेच नाव पुन्हा उचलले होते. म्हणून नाव तेच, पतीचे नाव तेच, आडनाव तर तेच. दोघींत फरक सांगणारे जन्मसाल तापीच्या पाण्यात गेलेले. संगणकाने दोघींची एक केली, आणि जी यादीत मागाहून आली, ती उडविली. आमच्या शेजारी उभी असलेली आमची आई आम्ही स्वतःच्या हाताने कुळावळीतून काढून टाकली होती.

आम्ही गडबडून म्हणालो, "यंत्राची चूक झाली." त्या काही बोलल्या नाहीत. परंतु हे वाक्य आमच्याच कानाला खोटे लागले. यंत्राने सांगितले तेवढेच केले होते. नियम आमचा होता.

मूळ प्रत राखून ठेवलेली होती, म्हणून ४१ ओळी परत आणता आल्या. परंतु आता त्या एकेक तपासणे आले. आम्ही वाचीत गेलो आणि मातोश्री सांगत गेल्या. तेव्हा दुसरीच एक अडचण उभी राहिली. काही ठिकाणी यंत्राने दोघींची एक केली होती, तर काही ठिकाणी एकीच्या दोघी आमच्या वहीतच होत्या. माहेरच्या पानावर एक मुलगी आहे. लग्नानंतर तिचे पान संपते. चुलत घराण्याच्या पानावर कुणाची तरी पत्नी अचानक उगवते, तिला मागचा धागा नाही. तीच ही, हे कशावरून ओळखावे? वहीत उत्तर नव्हते. आजोबांना दोष देण्यात अर्थ नाही. रीतच तशी होती. गोव्याच्या देवस्थानांतील महाजनांच्या नामावल्या घ्या. पोर्तुगीज अमलात त्यांना १९३३ च्या माझनी नियमांचे कायदेशीर रूप आले, परंतु परंपरेने त्या चालल्या पुरुषवंशानेच. बाईने दोन घरे जोडावी आणि दोन्हींकडच्या वहीत अर्धीच राहावी, असा तो हिशेब.

मातोश्री म्हणाल्या, "राव मात्शें." आणि आतून एक लहान वही घेऊन आल्या. कागद पिवळा, पुठ्ठ्याला टाके घातलेले. ही चुडीची यादी. श्रावणात परगावच्या वडीलधाऱ्यांना पाकिटातून चुडी पाठवायची, त्यांचे नावपत्ते. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासूनची. पुराच्या दिवशी ही वही वाचली, कारण ती देवघराच्या फळीवर होती आणि तेथून त्यांनी ती पदरात घेऊन गच्ची गाठली होती. आम्ही इतकी वर्षे आजोबांच्या वहीसाठी हळहळत होतो; ही दुसरी वही घरात आहे, हे आम्हांस ठाऊकच नव्हते, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

त्या वहीतील एकेक ओळ पाहून आम्ही चकित झालो. आरंभी हाक मारायचे नाव, म्हणजे माहेरचे, पुढे पाकिटावर घालायचे नाव, म्हणजे सासरचे, मग गाव. पोस्टमनला एक नाव हवे आणि मनाला दुसरे, म्हणून दोन्ही एका ओळीत आलेली. ज्या जोडणीसाठी आम्ही दोन वर्षे डोके खाजवीत होतो, ती मातोश्रींनी कुणाच्याही आज्ञेवाचून, कुठल्याही नियमावाचून, साठ श्रावणांत करून ठेवली होती. काही नावांपुढे बारीक फुली होती. ती कसली, हे विचारावे लागले नाही.

गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे आमच्या व्यवसायातल्या माणसाचे दैवतच म्हणावे. गणिती असून त्यांनी तक्षशिलेच्या जुन्या आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्राने अभ्यास केला. हाताहातांतून फिरताना नाणे झिजते. तेव्हा झीज मोजली तर ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, असा त्यांचा विचार. आम्ही त्या दुपारी मनात म्हटले, नावाचे नेमके उलटे आहे. नाणे वापराने झिजते, नाव न वापरल्याने.

साडेचारपर्यंत आमच्या अकरा ओळी पक्क्या झाल्या. सकाळी अर्ध्या दिवसात चार हजारांची यादी उरकणाऱ्या माणसाच्या या अकरा ओळी! परंतु त्या अकराव्या ओळीनंतर एकाएकी पेढीची यादी आठवली आणि पोटात धस्स झाले. तेथेही नियम हाच होता. आम्ही ती अद्याप पाठविली नव्हती, हे नशीब.

काढून टाकलेल्या ३१२ ओळी आता आम्ही पत्त्यासह आणि मागील हिशेबासह पाहू लागलो. बहुतेक खरोखरच दुबार होत्या. परंतु २७ तशा नव्हत्या. एका गावात एकाच नावाची दोन दुकाने होती, आडत्याही एकच; कदाचित दोन भाऊ वेगळे झालेले असावेत, दोघांनीही वडिलांच्या नावाची पाटी ठेवलेली. त्यांतील एकाची परत केलेल्या मालाची रक्कम पेढीकडे जमा होती. सकाळचा नियम तसाच राहता, तर ती रक्कम दुसऱ्याच्या खाती वळती झाली असती. आणि सुरतेपासून दूर कुठेतरी एका लहान दुकानदाराने फोन करून करून सांगितले असते की, मी आहे, मी निराळा आहे. त्याला कुणीतरी यादी पाहून उत्तर दिले असते की, तुमचे नाव येथे नाही.

यादी दुरुस्त होऊन गेली ती सात वाजता. पाचचा वायदा चुकला. वरिष्ठांना कारण लिहिले: नियमात चूक होती, आमची. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले, ठीक आहे. घरून काम करण्याचा हाही एक लाभ की, अशा वेळी समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि आपलाही दिसत नाही.

दिवेलागणीला चुडीची पाकिटे मेजावर आली. पत्ते आम्ही लिहिले. मातोश्रींनी दोन्ही नावे सांगितली, आम्ही पाकिटावर सासरचे लिहिले आणि कुळावळीत दोन्ही. शेवटचे पाकीट झाल्यावर आम्ही त्यांची ओळ उघडली. सासरचे नाव, पतीचे नाव, आडनाव, जन्मसाल, सारे भरले. एक रकाना नवा घातला होता, माहेरच्या नावाचा. त्यात काय लिहू, म्हणून विचारले.

खरे सांगायचे, तर आम्हांस ते नाव ठाऊक नव्हते. आयुष्याची इतकी वर्षे आम्ही त्यांना आई म्हटले, वडिलांनी नावाने हाक मारली नाही, आजीने सून म्हणून हाक मारली. माहेरची माणसे एकेक करून गेली. चुडीच्या यादीत सर्वांची दोन्ही नावे होती. पाठविणारीचे एकही नव्हते.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तें नांव आतां कोणाक जाय?" आणि तरीही त्यांनी ते सांगितले. सांगताना आवाज किंचित बदलला, जणू दुसऱ्या कुणाला हाक मारीत होत्या. ते नाव येथे लिहीत नाही. ते कुळावळीत आहे. आमच्या सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून ऐकले आणि त्या रात्री जेवायला बोलाविताना सहज म्हणून त्याच नावाने हाक मारली. मातोश्रींनी प्रथम रागावल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी चहाच्या वेळी आपणहून बहिणींची नावे सांगू लागल्या, आणि आम्हांस कचेरीचे काम बाजूस सारून लिहून घ्यावे लागले.

त्या दिवसाची आमची कमाई म्हणाल, तर पेढीच्या २७ ओळी परत आल्या आणि घरच्या अकरा पक्क्या झाल्या, बारावी मातोश्रींची. सहाशेंपैकी अजून शंभरांवर स्त्रियांपुढे माहेरचा रकाना कोरा आहे. त्यांतील किती भरतील, हे चुडीच्या वहीवर आणि मातोश्रींच्या प्रकृतीवर अवलंबून. म्हणून आताशा आम्ही दुपारी चार ते पाच हा तास त्यांच्यासाठी राखतो. शेजारचा कुणी येऊन "घरीच असता ना?" म्हणाला, तर सांगतो, होय, परंतु या वेळी कामात आहोत.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी वही असेल. चुडीची, हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची, नाही तर नुसती तोंडपाठ. ती कुणाजवळ आहे, हे आजच विचारावे. आणि विचारणे झाल्यावर, जिच्याजवळ ती आहे तिचे स्वतःचे नाव त्यात आहे की नाही, तेवढे पाहून घ्यावे.